कला शाखेतून नियोजनाकडे: कोल्हापूरच्या विद्यापीठ परिसरात शिकताना काय करावे

पावसाळ्यात कोल्हापुरात लहानथोरांच्या तोंडी दोन आकडे असतात, ३९ आणि ४३. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचे पाणी ३९ फुटांवर आले की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर गेले की धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये हेच पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. पाण्याची उंची मोजणे आणि पुराची रेषा नकाशावर आखणे हे अभियंत्याचे काम आहे. पण सुतारवाड्यातील कुटुंबांना जवळजवळ प्रत्येक पुरात घर का सोडावे लागते, पाणी ओसरल्यावर ती त्याच घरात का परततात, त्यांचे काम कोठे आहे, घर स्वतःचे आहे की भाड्याचे, मुलांची शाळा किती लांब आहे, हे प्रश्न भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि राज्यशास्त्र शिकणाऱ्यांचे आहेत आणि त्यांची उत्तरे मिळाल्याशिवाय केलेले पुनर्वसन कागदावरच राहते. म्हणून बारावीनंतर कला शाखेकडे वळणाऱ्या आणि पुढे नगर, गाव किंवा जिल्हा यांच्या नियोजनात काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हे मार्गदर्शन लिहीत आहे. उदाहरण शिवाजी विद्यापीठाचे घेतले आहे, कारण तो परिसर मला जवळचा आहे. अमरावती, नांदेड किंवा जळगाव येथे शिकणाऱ्यांनी नदीचे व गावाचे नाव बदलून हेच वाचावे.

सुरुवातीला माझे मत सांगतो, म्हणजे पुढचे सारे समजायला सोपे जाईल. पहिल्या वर्षीच एक जागा निवडावी. ती एखादी पेठ, वाडी, नाल्याकाठची वस्ती किंवा आपले स्वतःचे गाव असू शकेल. पदवीची सारी वर्षे ती सोडू नये. प्रत्येक विषय, प्रत्येक प्रकल्प आणि शक्य तेवढा प्रत्येक निबंध त्या जागेशी जोडावा. मोठ्या शहरातील नामांकित संस्थेत शिकणाऱ्याला असा अभ्यास करायला मुद्दाम ‘साइट’वर जावे लागते. विभागीय विद्यापीठातील विद्यार्थी मात्र रोज सकाळी एसटीने त्याच साइटवरून येत असतो आणि संध्याकाळी तेथेच परतत असतो, फक्त ती साइट आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

आधी दरवाजे कोणते उघडतात ते पाहावे

नियोजन या शब्दात दोन वेगळी क्षेत्रे आहेत आणि त्यांची गल्लत झाल्यामुळे अनेक विद्यार्थ्यांची वर्षे वाया गेलेली मी पाहिली आहेत. एक क्षेत्र नगर व प्रादेशिक नियोजनाचे, म्हणजे जमिनीचा वापर, रस्ते, आरक्षणे (सार्वजनिक कामासाठी राखलेल्या जागा), विकास योजना यांचे. दुसरे आर्थिक व विकास नियोजनाचे, म्हणजे जिल्हा वार्षिक योजना, ग्रामपंचायत विकास आराखडा, पाणी, शेती, रोजगार यांवरील खर्चाचे व अग्रक्रमाचे.

पहिल्या क्षेत्रात शासनाच्या नगर रचना विभागात सहायक नगर रचनाकार व्हायचे असेल, तर स्थापत्य अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र किंवा नगर नियोजन अशा पदव्या मागितल्या जातात, केवळ बी.ए. तेथे चालत नाही. हे कटू आहे, पण दुसऱ्या वर्षात कळण्यापेक्षा आज कळलेले बरे. तरीही कला शाखेला या क्षेत्राचा दरवाजा बंद नाही. भूगोल, अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्र यांत पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांना स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरसारख्या संस्थांतील दोन वर्षांच्या मास्टर ऑफ प्लॅनिंग अभ्यासक्रमाच्या काही शाखांना अर्ज करता येतो. त्यासाठी पदव्युत्तर परीक्षेत ठरावीक टक्केवारी लागते आणि ती संस्थेनुसार बदलते. म्हणून ज्या संस्थेत जायचे तिची चालू वर्षाची माहितीपुस्तिका पदवीच्या पहिल्या वर्षातच एकदा नीट वाचून काढावी आणि पात्रतेचे पान वहीत चिकटवून ठेवावे. ज्यांची अकरावी अजून व्हायची आहे त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कला शाखेतही गणित हा विषय घेता येतो, आणि बारावीला गणित असेल तर बॅचलर ऑफ प्लॅनिंगसाठी जेईई मेनचा नियोजनाचा पेपर देता येतो. गणिताची भीती वाटून हा विषय सोडणाऱ्यांनी तो सोडण्यापूर्वी एवढे एकदा तपासावे.

दुसऱ्या क्षेत्रात कला शाखेला अधिक मोकळी वाट आहे. धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर येथे टाटा समाजविज्ञान संस्थेचा परिसर आहे आणि तेथे विकास धोरण, नियोजन व प्रत्यक्ष कार्य या विषयात एम.ए. करता येते. अर्थशास्त्र किंवा संख्याशास्त्र घेतलेल्यांना अर्थ व सांख्यिकी संचालनालयातील पदांचा विचार करता येतो. पाणलोट, उपजीविका, गृहनिर्माण या विषयांत काम करणाऱ्या संस्थांना तर गावात बसून प्रश्न विचारता येणारी आणि उत्तराचा तक्ता नीट मांडता येणारी माणसे सतत हवी असतात.

कला शाखेच्या माणसाला नियोजनात काय काम, असे विचारणाऱ्यांना दोन नावे सांगावीत. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा विभाग सुरू झाला तेव्हा त्याचे प्रमुखपद नगर नियोजक पॅट्रिक गेडिस यांच्याकडे होते; म्हणजे आपल्याकडे समाजशास्त्र आणि नगर नियोजन एकाच खोलीत जन्माला आले. दुसरे नाव धनंजयराव गाडगीळ यांचे. १९३० मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या गोखले संस्थेत त्यांनी पुणे शहराचे घरोघर फिरून केलेले सामाजिक-आर्थिक सर्वेक्षण उभे केले आणि हेच अर्थतज्ज्ञ १९६७ मध्ये देशाच्या नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले.

विषयांची निवड

शिवाजी विद्यापीठाची स्थापना १८ नोव्हेंबर १९६२ रोजी झाली आणि आज कोल्हापूर, सांगली व सातारा हे तीन जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात आहेत. बी.ए. साधारणतः संलग्न महाविद्यालयात होते आणि एम.ए. साठी विद्यार्थी विद्यानगरच्या परिसरातील विभागांत येतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आता मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (इतर शाखांतून निवडायचा विषय) आणि कौशल्याचे विषय अशी रचना आहे.

माझ्या मते मेजर म्हणून भूगोल सर्वांत उपयोगी आहे, कारण त्यात नकाशावाचन, क्षेत्रभेट आणि सांख्यिकीची ओळख अभ्यासक्रमातच येते आणि ही तीन कौशल्ये पुढे कोणी नव्याने शिकवत नाही, ती येतात असे गृहीत धरले जाते. त्याला मायनर म्हणून अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्र जोडावे. ज्यांना आकड्यांची गोडी आहे त्यांनी अर्थशास्त्र मेजर ठेवून भूगोल मायनर घेतला तरी चालेल. राज्यशास्त्राला नियोजनात कमी लेखण्याची पद्धत पडली आहे, ती चुकीची आहे. १९९२ च्या ७३ व्या (पंचायतींविषयीच्या) व ७४ व्या (नगरपालिकांविषयीच्या) घटनादुरुस्त्या, जिल्हा नियोजन समिती, ग्रामसभेचे अधिकार हे सारे राज्यशास्त्राच्या वर्गात येते आणि निर्णय शेवटी तेथेच होतात. ओपन इलेक्टिव्ह निवडताना मैत्रिणी किंवा मित्र कोठे बसणार आहेत हे पाहू नये. संगणकावर तक्ते करणे, सांख्यिकी किंवा सुदूर संवेदन (उपग्रहचित्रांवरून जमिनीचा अभ्यास) यांपैकी जे उपलब्ध असेल ते घ्यावे.

फील्ड प्रोजेक्ट आणि ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षण, यांना पुष्कळ विद्यार्थी प्रमाणपत्राचा कागद समजतात. माझ्या दृष्टीने साऱ्या पदवीत त्याइतके मोलाचे काही नाही. ओजेटीसाठी नगरपरिषद, पंचायत समिती, जिल्हा परिषद किंवा विकास प्राधिकरण यांच्याकडे महाविद्यालयाचे पत्र घेऊन किमान दोन महिने आधी जावे. ‘काहीही काम द्या’ असे म्हणू नये, कारण मग फायलींना क्रमांक टाकत बसावे लागते. ‘प्रभागातील सार्वजनिक शौचालयांची यादी प्रत्यक्ष पाहून अद्ययावत करून देतो’ किंवा ‘गावातील बंद पडलेल्या हातपंपांचा नकाशा करून देतो’ असे नेमके, पूर्ण होण्याजोगे काम आपणच सुचवावे. अधिकाऱ्यांनाही ते सोयीचे पडते.

जागा निवडावी आणि तिच्याजवळ राहावे

जागा एवढी लहान असावी की अर्ध्या दिवसात पायी फिरून होईल. संपूर्ण कोल्हापूर शहर हा विषय होऊ शकत नाही. जयंती नाल्याच्या एका पुलापासून पुढच्या पुलापर्यंतचा काठ हा विषय होऊ शकतो. शहराला लागून असलेले एखादे गाव घेतले तर आणखी उत्तम. महापालिका १९७२ मध्ये झाली, पण शहराच्या हद्दवाढीचा प्रश्न वर्षानुवर्षे भिजत पडला आहे. २०१७ मध्ये शहराभोवतालच्या ४२ गावांसाठी वेगळे नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले. अशा गावात एका बाजूला ऊस उभा असतो आणि दुसऱ्या बाजूला चार मजली इमारत. ग्रामपंचायत, प्राधिकरण आणि महापालिकेची बस हे तिन्ही एकाच रस्त्यावर भेटतात. नियोजनाचे जवळजवळ सारे प्रश्न तेथे एका नजरेत दिसतात.

जागा ठरली की पहिल्या सहामाहीत फक्त फिरावे आणि लिहावे. एक जाड वही घ्यावी. तारीख, वार, वेळ आणि हवामान लिहिल्याशिवाय कोणतीही नोंद करू नये. सकाळी सात वाजता नळावर किती भांडी रांगेत होती, पाणी किती वाजता आले आणि किती वाजता गेले, शाळेत जाणारी मुले मुख्य रस्ता कोठून ओलांडतात, मंगळवारी बाजार असेल तर गाड्या कोठे लागतात, अशा नोंदी घड्याळ पाहून कराव्यात. ‘पाणी कमी येते’ ही तक्रार आहे. ‘१२ मार्चला पाणी ६.२० ला आले आणि ६.५५ ला गेले’ ही नोंद आहे, आणि नियोजनाच्या कार्यालयात दुसऱ्या वाक्याला उत्तर द्यावे लागते.

ऋतूंचे भान ठेवावे. आमच्या भागात साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बीड व मराठवाड्यातील इतर भागांतून ऊसतोड कुटुंबे येतात, गावाबाहेर त्यांच्या कोप्या उभ्या राहतात आणि हंगाम संपला की ती जागा पुन्हा मोकळी होते. जानेवारीतील गाव आणि जुलैतील गाव ही लोकसंख्येच्या दृष्टीने दोन वेगळी गावे असतात. जनगणनेच्या एका आकड्यात हे दिसत नाही. तेथील मुलांची शाळा, गरोदर स्त्रियांची तपासणी, पिण्याचे पाणी या साऱ्याचे नियोजन करायचे तर आधी ते कोणी तरी मोजायला हवे, आणि ते मोजायला हंगामात तेथे हजर असणारा माणूस लागतो.

नकाशा

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे स्थलदर्शक नकाशे आता संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. जुन्या क्रमांकपद्धतीनुसार कोल्हापूर शहराचा बराच भाग ४७ एल/२ या पत्रकात येतो. परंतु ७४ अंश १५ मिनिटांचे रेखावृत्त शहराच्या पूर्व अंगाने जाते, त्यामुळे विद्यापीठाचा परिसर शेजारच्या ४७ एल/६ मध्ये जातो. दोन पत्रके जोडल्याशिवाय आपले शहर पूर्ण दिसत नाही, हे पहिल्यांदा लक्षात आले तेव्हा मला मोठा आनंद झाला होता, कारण नकाशा हे छापील चित्र नसून पृथ्वीवर टाकलेली जाळी आहे हे त्या जोडकामातच समजले. प्रत्येक विद्यार्थ्याने हे काम एकदा तरी हाताने, कागदावर करावे.

त्यानंतर एका रस्त्याचा जमीन-वापर नकाशा करावा. लक्ष्मीपुरीसारख्या बाजारपेठेतील दोनशे मीटरचा तुकडा पुरेसा आहे. रस्त्याची लांबी पावलांनी मोजावी, रुंदी टेपने मोजावी आणि प्रत्येक इमारतीसाठी तीन गोष्टी लिहाव्यात: तळमजल्यावर काय आहे, वर काय आहे, किती मजले आहेत. विकास योजनेच्या नकाशात रहिवासासाठी पिवळा, व्यापारासाठी निळा, उद्योगासाठी जांभळा आणि मोकळ्या जागांसाठी हिरवा रंग वापरण्याची रूढी आहे. ती पाळून रंग भरायला बसले की लगेच अडचण येते. खाली धान्याचे दुकान, मधल्या मजल्यावर गोदाम आणि वर मालकाचे घर असेल तर रंग कोणता भरायचा? या अडचणीपाशी घाई करू नये. आपल्या जुन्या पेठांचे जीवन एका रंगात बसत नाही, हे तेथेच कळते आणि मिश्र वापर या संकल्पनेवर दहा पाने वाचूनही ते इतके पक्के होत नाही.

कागदावरचे काम झाल्यावर क्यूजीआयएस ही नकाशे करण्याची विनामूल्य संगणक प्रणाली शिकावी आणि इस्रोच्या ‘भुवन’वरील उपग्रहचित्रांशी आपला नकाशा ताडून पाहावा. क्रम उलटा करू नये. आधी संगणकावर बसलेल्यांचे नकाशे दिसायला सुंदर असतात, पण इमारतीचे दार कोणत्या बाजूला आहे हे त्यांना सांगता येत नाही.

एखाद्या रविवारी जयसिंगपूरला जाऊन यावे. राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या वडिलांच्या, जयसिंगराव घाटगे यांच्या, नावाने वसवलेले हे शहर आखून बांधलेले आहे. रस्ते एकमेकांना काटकोनात छेदतात आणि गल्ल्या क्रमांकांनी ओळखल्या जातात. तेथून परत येऊन कोल्हापुरातील जुन्या पेठेतील वळणावळणाच्या गल्लीत उभे राहावे आणि दोन्ही ठिकाणी रस्त्याची रुंदी, सावली, उभ्या केलेल्या गाड्या आणि बाहेर बसलेली माणसे यांची नोंद करावी. आखलेले चांगले आणि न आखलेले वाईट, असा निष्कर्ष घाईने काढू नये. दुपारी एक वाजता कोठे चालणे सुसह्य होते, हेही लिहावे.

सर्वेक्षण करताना

माझ्या दुसऱ्या वर्षातील एक चूक सांगतो. आम्ही चौघे चाळीस प्रश्नावल्या घेऊन एका वाडीत मंगळवारी सकाळी अकरा वाजता गेलो. बरीच घरे कुलपात होती. जी उघडी होती त्यांतून आम्ही नेटाने माहिती भरली आणि वाडीतील बहुसंख्य रहिवासी साठीच्या पुढचे असून काही काम करत नाहीत, असा निष्कर्ष मोठ्या आत्मविश्वासाने लिहिला. मार्गदर्शक बाईंनी अहवाल चाळला आणि एकच प्रश्न विचारला, “तुम्ही किती वाजता गेला होतात?” पुरुष एमआयडीसीत आणि बायका भांगलणीला गेलेल्या वेळी आम्ही वाडी मोजली होती. संध्याकाळी सातनंतर पुन्हा जाऊन सारे काम नव्याने करावे लागले, आणि दुसऱ्या वेळचे उत्तर पहिल्याच्या नेमके उलट निघाले.

तेव्हापासून पाळत आलेल्या काही गोष्टी आहेत. घरांची निवड ‘जे भेटतील ते’ अशी न करता आधी सर्व घरांना क्रमांक द्यावेत आणि दर पाचवे किंवा दर सातवे घर घ्यावे. कुलूप असेल तर त्याच घरी दुसऱ्या वेळी जावे. ‘तुमचे उत्पन्न किती?’ असे थेट विचारू नये, कारण खरे उत्तर मिळत नाही आणि माणूस पुढच्या प्रश्नांनाही सावध होतो; घरात कमावते किती, काम काय, वर्षातून किती महिने मिळते, असे विचारत गेल्यास चित्र आपोआप उभे राहते. मावशी, काका, आजी असे आपण घरी म्हणतो तसेच बोलावे; कागदावरचा प्रश्न जसाच्या तसा वाचून दाखवू नये. कशासाठी विचारतो आहोत हे आधी सांगावे, आणि या माहितीतून लगेच घरकुल किंवा पाणी मिळणार नाही हेही स्पष्ट सांगावे. खोटी आशा लावून मिळवलेली माहिती वापरण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे मी मानतो. सरासरीबरोबर मध्यकही (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) काढावा, कारण वाडीत एक मोठा बागायतदार असला की सरासरी जमीन फुगते आणि अल्पभूधारक त्या आकड्यात दिसेनासे होतात.

सरकारी कागद वाचायला शिकावे

आपल्या राज्यातील नियोजनाचा पाया महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगर रचना अधिनियम, १९६६ हा आहे. प्रादेशिक योजना, विकास योजना आणि नगर रचना योजना या तीन शब्दांतील फरक स्वतःच्या शब्दांत सांगता येईपर्यंत पुढे जाऊ नये. प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाली की नागरिकांना हरकती व सूचना देण्यासाठी ३० दिवसांची मुदत असते आणि नंतर नियोजन समितीपुढे सुनावणी होते. आपल्या शिक्षणाच्या काळात जवळपासच्या एखाद्या गावाची किंवा नगरपरिषदेची प्रारूप योजना प्रसिद्ध झाली, तर ती संधी सोडू नये. नकाशा लावलेल्या ठिकाणी जाऊन दिवसभर बसावे. आपल्या गट क्रमांकावर आरक्षण पडले आहे का, हे शोधणारा शेतकरी नकाशावर बोट फिरवत असतो आणि त्याला उत्तर-दक्षिण कळत नसते. त्याला त्याचा गट शोधून द्यावा. त्या दहा मिनिटांत आरक्षण, सामासिक अंतर (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा), चटई क्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या प्रमाणात किती बांधकाम करता येते ते) हे शब्द एका कुटुंबाच्या आयुष्यात काय करतात ते समजते.

आपल्या निवडलेल्या जागेसाठी एक फाईल करावी. तीत विकास योजनेचा भाग नकाशा आणि झोन दाखला (जमीन कोणत्या वापरासाठी ठेवली आहे हे सांगणारा), काही जमिनींचे सातबारा उतारे, शहरी भाग असेल तर मालमत्ता पत्रक, २०११ च्या जनगणनेतील गावाचे किंवा प्रभागाचे तक्ते, जिल्ह्याचे सामाजिक व आर्थिक समालोचन आणि ग्रामपंचायत विकास आराखडा एवढे तरी असावे. नदीकाठची जागा असेल तर पूररेषांचा नकाशा मिळवावा. निळी रेषा साधारणतः २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. याचा अर्थ लाल रेषेपर्यंतचा पूर शंभर वर्षांनीच येईल असा नव्हे. कोणत्याही एका वर्षी तो येण्याची शक्यता शंभरात एक इतकी असते. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या कोल्हापूरकराला हे समजावून सांगता आले, तर आपला सांख्यिकीचा अभ्यास झाला असे समजावे.

ग्रामसभेला वर्षभर हजर राहावे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी बहुतेक ठिकाणी ती होते. कोण बोलते, बायका कोठे बसतात, कोणता ठराव किती मिनिटांत संमत होतो, हे वहीत लिहावे. कागदपत्र मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो, पण तो पहिला उपाय नसावा. आधी कार्यालयात दोनदा भेटून, आपण विद्यार्थी आहोत हे सांगून मागावे. तलाठी आणि ग्रामसेवक यांच्याकडे असलेली माहिती कोणत्याही ग्रंथालयात नसते आणि ती ओळखीतूनच मिळते.

भाषा, ग्रंथालय आणि खर्च

मराठी माध्यमातील विद्यार्थ्यांना पुढील प्रवेश परीक्षांच्या इंग्रजीची धास्ती असते. मी सुचवेन की आधी मराठीत नेमके लिहायला शिकावे. आपल्या जागेविषयी रोज एक परिच्छेद मराठीत लिहावा आणि आठवड्यातून एकदा त्यातील एक इंग्रजीत मांडावा. ज्याला ‘रस्ता अरुंद आहे’ऐवजी ‘रस्ता साडेचार मीटर रुंद असून त्यातील दीड मीटर दुचाकींनी व्यापला आहे’ असे मराठीत लिहिता येते, त्याचे इंग्रजी एका वर्षात सुधारते. विद्यापीठाचे बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय मोठे आहे. तेथे पाठ्यपुस्तकांबरोबर जुने जिल्हा गॅझेटियर आणि भूगोल विभागातील आधीचे शोधप्रबंध मागून पाहावेत. आपल्याच तालुक्यावर वीस वर्षांपूर्वी कोणी काम केलेले असेल तर त्याच जागी पुन्हा मोजणी करणे हा पदव्युत्तर प्रबंधाचा उत्तम विषय होतो.

खर्चासाठी ‘कमवा आणि शिका’ योजना, महाडीबीटीवरील शिष्यवृत्त्या, आणि पात्र असल्यास स्वाधार किंवा पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता यांची चौकशी प्रवेशाच्याच आठवड्यात करावी. उत्पन्नाचा व जातीचा दाखला वेळेत नसल्यामुळे शिष्यवृत्ती हुकते, गुणांमुळे क्वचितच.

शेवटची दोन वर्षे

तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला ठरवावे की चौथे वर्ष करायचे की तीन वर्षांनंतर एम.ए. ला जायचे. चार वर्षांच्या ऑनर्सनंतर पदव्युत्तर पदवी एका वर्षात होते. मात्र नियोजनाच्या ज्या संस्थेत जायचे तिच्या माहितीपुस्तिकेतील पात्रतेशी हे जुळते का, ते पाहूनच निर्णय घ्यावा. गेट परीक्षा आता कला शाखेच्या पदवीधरांनाही देता येते. तीत वास्तुशास्त्र व नियोजन असा पेपर आहे आणि मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रांचाही आहे. तयारीला किमान दहा महिने द्यावेत.

मुलाखतीत किंवा अर्जासोबत दाखवायला आपल्याकडे काय असेल, याची काळजी अशा विद्यार्थ्याला करावी लागत नाही. चार-पाच वर्षांच्या तारखा असलेली वही, हाताने केलेला आणि संगणकावर केलेला नकाशा, दोन वेळा केलेले सर्वेक्षण आणि त्यावरचा वीस पानी अहवाल एवढे टेबलावर ठेवले की प्रश्न त्या जागेबद्दलच विचारले जातात, आणि त्यांची उत्तरे आपल्याइतकी त्या खोलीत कोणालाच ठाऊक नसतात.

अहवालाच्या तीन प्रती कराव्यात. एक विभागात द्यावी आणि एक स्वतःजवळ ठेवावी. तिसरी, सोप्या मराठीत चार पानांचा गोषवारा जोडून, ज्या गावाने किंवा वस्तीने आपल्याला उंबऱ्यात बसू दिले तेथील ग्रामपंचायतीत किंवा प्रभाग कार्यालयात नेऊन द्यावी, आवक क्रमांक व शिक्का घ्यावा, आणि पुढच्या ग्रामसभेत पाच मिनिटे मागून त्यातील नकाशा लोकांसमोर भिंतीवर लावून दाखवावा.